शब्दांची भावकी

"शलोमी, तू माझी जाहिरात नेमकी कुठं लावलीयस?"

विमलताईंचा फोन होता. आवाज अगदी शांत. त्या शांत बोलल्या की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

"सकाळपासून फोनवर फोन घेतेय. एकाच्याही घरात लग्न नाही."

मी म्हटलं, लग्न नसेना, मुंज असेल, बारसं असेल, फोन येतायत हे तर चांगलंच की.

"प्रत्येकाच्या घरात कोणीतरी गेलंय," त्या म्हणाल्या. "तू आधी इकडं ये."

फोन ठेवून मी समोरच्या स्क्रीनकडे बघत बसले. तिथं सगळं हिरवंगार दिसत होतं. जाहिरात लोकांना दिसत होती, लोक तिच्यावर बोट टेकवत होते, आणि त्यातले बरेचसे लगेच फोनही लावत होते. आमच्या ऑफिसात एवढी चांगली चाललेली जाहिरात मी तोवर पाहिली नव्हती. सकाळीच समीरसरांनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं होतं. सगळ्यांदेखत म्हणजे मी, ते आणि चहावाला. आता जिच्यासाठी ही जाहिरात होती तीच बाई रागावली होती, आणि का, ते मला काही केल्या कळेना.

समीर चौगुले यांचं ऑफिस सांगलीत विश्रामबागेला, एका झेरॉक्सच्या दुकानावर होतं. पाटी ऑफिसापेक्षा मोठी. मी मिरजेहून बसने यायचे. माझी नोकरी नवी होती आणि काम त्याहून नवं होतं, इतकं की मी काय करते हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. तसं ते साधं आहे. माणसाला काही हवं असलं की तो फोनवर दोनचार शब्द लिहून शोधतो. त्या शब्दांवर आपल्या गिऱ्हाइकाची जाहिरात वर दिसावी, यासाठी पैसे भरायचे असतात. कुठल्या शब्दांवर भरायचे ते शोधणं हे माझं काम. एक शब्द टाकला की कॉम्प्युटर त्याच्या जवळचे आणखी शब्द काढून देई. समीरसर त्यांना रिलेटेड कीवर्ड म्हणत. मी मनातल्या मनात शब्दांची भावकी म्हणायचे, कारण एकाला हाक मारावी आणि अख्खी आळी दारात येऊन उभी राहावी, तसं ते व्हायचं. त्यातलं कोण सख्खं आणि कोण नुसतंच जेवायला आलंय, ते ओळखता आलं पाहिजे. मला येत नव्हतं.

विमलताई डोंगरे आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा गणपती नुकतेच गेले होते. पन्नाशीच्या बाई, सुती साडी, हातात स्टीलचा डबा. खुर्चीवर बसायच्या आत त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे धरला. बेसनाचे लाडू होते. "आधी खा, मग बोलू," म्हणाल्या. पुढं कळलं की त्या सगळ्यांशीच असं बोलायला सुरुवात करतात, भांडायचं असलं तरी.

आयुष्यभर लोकांच्या घरी जाऊन स्वयंपाक केलेल्या विमलताईंनी माधवनगर रस्त्याला एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली होती. मोठ्या चुली, मोठी पातेली, दारावर रंगवलेली पाटी: डोंगरे मंगलभोजन. त्यांना लग्नाच्या ऑर्डरी हव्या होत्या. मालकाशी बोली झाली होती ती तुळशीच्या लग्नापर्यंतची. लग्नाचा हंगाम तिथून सुरू होतो. तोवर हातात एकही लग्न नसलं तर शेडची किल्ली परत द्यायची आणि पुन्हा लोकांच्या घरी पोळ्या लाटायला जायचं. हे त्यांनी कुरकुर न करता सांगितलं, आणि त्यामुळेच मला ते फार लागलं.

मी त्यांना विचारलं, तुमच्याकडून जेवण हवं असलेला माणूस फोनवर काय लिहील?

"लग्नाचं जेवण," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, आणखी काय लिहील?

त्यांनी बराच विचार केला. "लग्नाचं चांगलं जेवण."

याच्यापुढं आमची मजल जाईना. शेवटी मी म्हटलं, राहू दे, मी शोधते. निघताना त्यांनी बजावलं की जाहिरात घटस्थापनेला सुरू कर, त्याआधी पंधरा दिवस काही नवीन सुरू करायचं नाही. मी हो म्हटलं. का, हे विचारायचं मला सुचलं नाही. समीरसर म्हणाले, तोवर थोड्या पैशात चाचणी घेऊन बघ, कुठला शब्द पळतो ते तरी कळेल. त्यांचा नियम एकच होता: जो शब्द पुष्कळ लोक शोधतात आणि ज्यावर दुसऱ्या कुणाची जाहिरात नाही, तो उचलायचा.

मी 'जेवणाची ऑर्डर सांगली' टाकलं आणि भावकी दारात आली. लग्नाचे शब्द मागे कुठंतरी उभे होते. पुढं गर्दी होती ती श्राद्धाचा स्वयंपाक, पितृपक्षातलं जेवण, तेराव्याचं जेवण, वर्षश्राद्धाला स्वयंपाकीण, अशा शब्दांची. शोधणारे पुष्कळ आणि जाहिरात एकाचीही नाही. समीरसरांच्या नियमात इतके चपखल बसणारे शब्द मी आजवर पाहिले नव्हते. मी आनंदानं सगळे उचलले.

मला काही कळत नव्हतं असं नाही. तेरावा म्हणजे काय ते मैत्रिणींमुळे माहीत होतं. पण मी मिरजेच्या ख्रिस्ती वस्तीत वाढले. माझे आजोबा गेले तेव्हा मेरीमावशीनं सगळ्या आळीसाठी पुलाव केला, आणि त्याच नाताळात माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाचा केकही तिनंच केला. स्वयंपाक करणारी बाई ती बाई, भात तो भात. त्यापलीकडे त्यात काही असेल असं मला वाटलंच नव्हतं.

शेडवर पोचले तेव्हा विमलताई एका उपड्या पातेल्यावर बसल्या होत्या. पुढं फोन. शेजारी कल्पना उभी होती. कल्पना त्यांच्या हाताखाली काम करायची आणि तोंडानं त्यांच्या वरची असल्यासारखी वागायची. आज लाडू नव्हते.

मी समजूत घालायला गेले. म्हटलं, ताई, अहो गिऱ्हाईक दारात आलंय. लग्नं मिळेपर्यंत ही कामं करा. तुळशीच्या लग्नापर्यंत चूल तरी पेटती राहील.

उत्तर दिलं ते कल्पनानं. "तेराव्याचं जेवण देणारी म्हणून एकदा नाव झालं की लग्नाचं कोण देतंय? एवढं पण कळत नाही होय तुला?"

मला खरंच कळत नव्हतं. मी विचारलं की पातेली तीच, तांदूळ तेच, तेराव्याला जेवून गेलेली माणसंही तीच, उद्या लग्नात जेवतात, मग स्वयंपाकिणीलाच काय होतं? कल्पनानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी पोळी का लाटतात असं विचारलंय. ती उत्तर द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात फोन वाजला.

विमलताईंनी तो वाजू दिला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, उचलला. पलीकडे कुणी वयस्क गृहस्थ होते. बोलत काय होते ते मला ऐकू येत नव्हतं, पण ते मध्येच थांबत होते, आणि ते थांबले की विमलताईही थांबत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. मघाची रागावलेली बाई उठून गेली आणि तिच्या जागी कुणी दुसरीच येऊन बसली.

"किती पानं होतील?" त्यांनी विचारलं. "बरं. गुरुजींचं वेगळं. कांदा-लसूण नाही, ते मला माहीत आहे, तुम्ही काही सांगू नका." मग जरा वेळाने, "त्यांना काय आवडायचं?"

उत्तर ऐकता ऐकता त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"घोसाळ्याची भजी," विमलताई हळूच म्हणाल्या. "करते."

फोन ठेवून त्यांनी पदराने तो पुसला. गावभागातले परांजपे, बायको गेली, घरात करणारं कोणी नाही. मी चक्रावून गेले. आत्ता तर या कामावरून मला बोलणी बसत होती.

"नाही म्हणणार होते," त्या म्हणाल्या. "रडणाऱ्या माणसाला कसं म्हणू? हे एक घर करते. तू ऑफिसात जा आणि ती जाहिरात बंद कर."

समीरसरांना सांगितलं तर ते माझ्याकडेच संशयाने बघायला लागले. चाललेली जाहिरात बंद करा म्हणणारं गिऱ्हाईक त्यांना अजून भेटायचं होतं. "त्या बाईला धंदा करायचाय का नाही?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी जाहिरात मात्र बंद केली.

परांजप्यांच्या घरी मीही गेले. कल्पनाच्या मुलीचं लग्न ठरवायचं चाललं होतं आणि अशा दिवसांत असल्या घरी जायचं नाही, असं तिच्या सासूनं बजावलं होतं. म्हणजे तिथंही लग्न आणि तेरावा एकमेकांना टाळत होते. विमलताईंना चिरायला-निवडायला हात हवे होते. माझ्यामुळेच हे घडलं असल्यानं मी नाही म्हणू शकले नाही.

घरात परांजपेकाका होते, त्यांची मुलगी मुक्ता होती, माझ्याच वयाची, आणि सगळी सूत्रं हातात घेतलेल्या वत्सलाआत्या होत्या, काकांची मोठी बहीण. आत्यांनी माझं नाव विचारलं. ते ऐकून क्षणभर थांबल्या, मला वाटलं आता बाहेर बसवतात, पण म्हणाल्या, "पानं पुसायला घे." मी केळीची पानं पुसत बसले आणि विमलताईंना बघत राहिले. त्या घरात त्या पहिल्यांदाच आल्या होत्या, तरी त्यांना काही विचारावं लागत नव्हतं. पानावर कुठल्या बाजूला काय, गुरुजींचं कधी, घरच्यांचं कधी, कोणी नुसतंच बसून राहिलंय आणि त्याच्यापुढे आधी चहा ठेवायला हवा, सगळं त्यांना ठाऊक होतं. मला वाटलं होतं की त्यांना या कामाची किळस आहे, भीती आहे, काहीतरी आहे. इथं तर त्या स्वतःच्या घरात असल्यासारख्या वावरत होत्या. मी आणखीच गोंधळले.

मुक्ताच्या पानावर घोसाळ्याची भजी आली तेव्हा तिनं एक उचललं, अर्धं खाल्लं, आणि हातातलं अर्धं तसंच धरून रडायला लागली. विमलताई तिच्यापाशी गेल्या नाहीत. त्यांनी फक्त आणखी दोन गरम भजी आणून तिच्या पानात ठेवली. मुक्तानं डोळे पुसून तीही खाल्ली.

मागचं आवरताना ती माझ्यापाशी आली. मी इथली नाही हे तिनं ओळखलं होतं. मी म्हटलं, मी जाहिरातीचं काम करते, विश्रामबागेला, झेरॉक्सच्या दुकानावर. तेराव्याच्या घरात सांगायला ही काही फार चांगली ओळख नव्हती. पण ती म्हणाली की फोनवर ते शब्द तिनंच लिहिले होते. 'तेराव्याचं' एवढं लिहून तिचा हात थांबला, पुढचं लिहवेना, आणि तेवढ्यात पहिलं नाव यांचंच आलं. मी रोज असे शब्द बघायचे. कुणीतरी ते लिहीत असतं, हे माझ्या डोक्यात त्या दिवसापर्यंत आलंच नव्हतं.

आम्ही निघताना वत्सलाआत्या दारापर्यंत आल्या. विमलताईंकडे निरखून बघत म्हणाल्या, "तू डोंगऱ्यांची विमल ना? मघापासून आठवतेय. केवढ्या वर्षांनी दिसलीस. एकेकाळी गावभागात असल्या कामाला तुझ्याशिवाय पान हलत नव्हतं."

त्यांनी ते कौतुकानं म्हटलं होतं. विमलताई हसल्या आणि रिक्षात बसेपर्यंत हसतच राहिल्या.

रिक्षा हरभट रस्त्याला लागल्यावर त्या बोलायला लागल्या, मी काही न विचारता.

"नवरा गेला तेव्हा माझी तिशी उलटली नव्हती. स्वयंपाक तेवढा येत होता. लोक बोलवायला लागले. कशाला? श्राद्धाला, तेराव्याला, वर्षश्राद्धाला. लग्नाला कोणी बोलवत नव्हतं. बोलावलंच तर मागच्या पडवीत, पुरण वाटायला. बाहेर पंगतीत वाढायचं ते सवाष्णींनी. विधवा बाईचं तिथं काय काम? एकदा मी चुकून भाताची परात घेऊन बाहेर आले. कोणी ओरडलं-बिरडलं नाही हो. एका बाईनं येऊन हसतहसत माझ्या हातातली परात काढून घेतली."

रिक्षावाल्यानं आरशातून मागं बघितलं आणि नजर वळवली.

"म्हणून पाटीवर मंगल लिहून घेतलं. रंगाऱ्याला म्हटलं, ते अक्षर मोठं काढ. आणि तुझ्या त्या कॉम्प्युटरनं मला परत तिथंच नेऊन बसवलं. त्याला कोणी सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. मी तेवढंच म्हणाले. मला इतकी लाज आणि इतका राग एकदम आला होता की तो कुणाचा करावा ते कळत नव्हतं.

आमच्या कामात एक नकोचा खाना असतो. त्यात टाकलेला शब्द कुणी लिहिला तर आपली जाहिरात त्याला दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मी श्राद्ध, पक्ष, तेरावा, वर्षश्राद्ध, सगळी भावकी नकोच्या खान्यात नेऊन बसवली आणि घटस्थापनेला लग्नाच्या शब्दांवर नवी जाहिरात सुरू केली. लग्नाचं जेवण, मंगल कार्यासाठी केटरर, साखरपुड्याचं जेवण. आता चुकायला काही जागाच नव्हती.

आणि एकही फोन आला नाही. म्हणजे आले, पण ते हॉल एसी आहे का, घोडा तुमचाच का, असं विचारून ठेवून देणारे. लग्नाच्या शब्दांवर मोठमोठे लोक बसले होते, त्यांच्यापुढे विमलताईंची जाहिरात चौथ्या-पाचव्या जागेवर कुठंतरी अंग चोरून उभी असायची. चुकीच्या शब्दांनी फोनची रांग लावली होती आणि बरोबर शब्दांनी शेड रिकामी पडली होती. समीरसर म्हणाले, तूच सांग आता काय करायचं.

दसरा गेला. विमलताई रोज शेड उघडायच्या, चुली पुसायच्या, बंद करायच्या. दिवाळीच्या तोंडावर मी गेले तर मालक एका टायरवाल्याला घेऊन शेड दाखवत होता. विमलताई त्या दोघांना लाडू देत होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, जाहिरातीचे पैसे आता नको घालवू, गावात दोन-तीन घरी पोळ्यांचं बोलून ठेवलंय. मी परतीच्या बसमध्ये रडले. नोकरी जाईल म्हणून नाही. हे घडवलं कुणी, तेच मला सापडत नव्हतं म्हणून.

दिवाळी झाली आणि एका दुपारी मुक्ता परांजपे आमच्या ऑफिसचा जिना चढून आली.

"मी परत तेच शब्द लिहून शोधलं," ती म्हणाली, "तर ताईंचं नावच येईना. बाबांच्या फोनमध्ये नंबर आहे, पण त्यांना आत्ताच विचारायचं नव्हतं. मग तुम्ही सांगितलेलं झेरॉक्सचं दुकान आठवलं."

मला वाटलं, हिच्या घरी आणखी कोणी गेलं.

"त्या लग्नाचं करतात का?" तिनं विचारलं.

मी विचारलं, कुणाचं लग्न?

"माझं."

माझा चेहरा बघून तीच मला समजावायला लागली, लहान मुलीला समजावतात तसं. लग्न आई असतानाच ठरलं होतं. घरात आई किंवा वडील गेले तर ठरलेलं लग्न वर्षाच्या आत करतात, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. मुलाकडच्यांना थांबायचं नव्हतं, बाबांनाही नव्हतं. तुळशीची लग्नं लागली की पहिलाच मुहूर्त धरला होता. आत्यांनी एका मोठ्या केटररशी बोलणंही सुरू केलं होतं. "पण मला त्या ताईच हव्यात," ती म्हणाली.

मी स्क्रीनकडे बघितलं. एका खान्यात लग्न होतं, नकोच्या खान्यात तेरावा होता, आणि ते दोन्ही मीच आपल्या हातानं तिथं ठेवले होते. या मुलीच्या घरात ते दोन्ही एकाच दारातून आत आले होते. मी तिला घेऊन सरळ माधवनगर रस्त्याला गेले.

विमलताईंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. नाही. आत्यांना चालणार नाही, मुलाकडच्यांना कळलं तर तुलाच बोलतील, आयुष्यभर बोलतील. मुक्ता म्हणाली, आत्याला मी सांगते.

"पोरी, मी तुझ्या आईच्या तेराव्याला जेवण केलं. लोक काय म्हणतील?"

"म्हणूनच तर आलेय," मुक्ता म्हणाली. "आई लग्नात नसणार. तिला काय आवडायचं हे तिथल्या स्वयंपाकघरात एका तरी माणसाला माहीत असायला नको का?"

विमलताई उठल्या आणि आत गेल्या. बराच वेळ भांड्यांचे आवाज येत राहिले. बाहेर आल्या त्या डबा घेऊनच. "आधी खा," त्या मुक्ताला म्हणाल्या, "मग पदार्थ ठरवू."

आत्यांनी काय गोंधळ घातला तो मला पुढं मुक्ताकडून कळला. शेवटी मुलगी ऐकेना म्हणून त्या दोन अटींवर कबूल झाल्या. पदार्थ त्या ठरवणार, आणि विमलनं स्वयंपाकघराबाहेर यायचं नाही, वाढायला कल्पना आणि इतर बायका. मला ते ऐकून संताप आला. विमलताई म्हणाल्या, मला चालेल, आणि ठरल्या दिवशी मालकाला सांगून आल्या की किल्ली मिळणार नाही, माझं लग्न आहे. मालक म्हणे पुष्कळ वेळ त्यांच्याकडे बघत राहिला.

लग्नाच्या दिवशी मी पाणी वाढायला होते. आत्यांनी ठरवलेलं सगळं पानात होतं: मठ्ठा, जिलबी, अळूची भाजी, मसालेभात. घोसाळ्याची भजी त्यात नव्हती. आत्यांनी ती ठरवली नव्हती आणि मुक्तानंही मागितली नव्हती. ते नाव काढायचा तिला धीर झाला नसावा.

पहिली पंगत बसली. कल्पना आतून एक वाटी घेऊन आली आणि मुक्ताच्या पानात, जिलबीच्या शेजारी, तीन भजी ठेवून गेली. मुक्तानं पानाकडे बघितलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथं कोणी नव्हतं. तिनं एक भजं उचललं आणि या वेळी सगळं खाल्लं.

वत्सलाआत्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. त्या साडी सावरत आल्या. "हे काय? हे ठरलं नव्हतं." आत्यांनी वाकून एक भजं उचललं, वासावरूनच ओळखलं असावं, तरी तोंडात टाकलं. चावता चावता त्या थांबल्या. मग तरातरा स्वयंपाकघराकडे निघाल्या, आणि मी पाण्याचा जग हातात घेऊन त्यांच्या मागं धावले. आता काय होणार ते मला स्पष्ट दिसत होतं.

विमलताई कढईपाशी उभ्या होत्या. "तीनच केली, वत्सलाताई," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "तिच्याच पानात दिलीत. बाकी कुणाला नाही."

"घोसाळी संपली?"

"नाही. पिशवीभर आहेत."

"मग तीनच कशाला? माझा भाऊ बसलाय बाहेर. मी बसायचीय." आत्यांनी कढईत डोकावून बघितलं. "वहिनी अशीच करायची. ओवा जरा जास्त."

विमलताईंनी पीठ कालवलं आणि हातांनी झपाझप कढई भरली. तळून झाल्यावर परात भरली आणि नेहमीच्या सवयीनं कल्पनाला हाक मारली.

"कल्पना नको," आत्या म्हणाल्या. "तू वाढ."

विमलताईंना ते कळलंच नाही. त्यांनी आत्यांकडे बघितलं, कल्पनाकडे बघितलं, मग माझ्याकडे. इतके दिवस मीच त्यांच्याकडे तसं बघत आले होते. मी दारातून बाजूला झाले. आत्या आपल्या पानावर जाऊन बसल्यासुद्धा.

विमलताईंनी पदर खोचला, परात कमरेवर घेतली आणि उंबऱ्यापाशी आल्या. तिथं थोड्या थांबल्या. मग बाहेर पडल्या आणि मुक्ताच्या पानापासून वाढायला सुरुवात केली. त्यांच्या हातून कोणी परात काढून घेतली नाही. काकांच्या पानात वाढून झालं, आत्यांच्या झालं, तेवढ्यात पंगतीच्या शेवटून मुलाकडचे कोणी गृहस्थ हात वर करून म्हणाले, "अहो, भजी इकडंही येऊ द्या."

"आले," विमलताई म्हणाल्या, आणि पुढच्या पानाकडे वळल्या.